फुडं काय गं?

मामीला रिकाम्या हातांनी गाता येत नसे. मी तळेघरच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. सारी वाडी तिला मामीच म्हणायची. "मामी, म्हणा की एखादं" म्हटलं, की ती लाजून दोन्ही तळवे उघडून दाखवायची. "हातात काई न्हाई गुरुजी, गाणं कुठनं यावं?" हातात सूप आणि सुपात भात आला की तिचा गळा आपोआप सुटायचा.

तिची दुसरी खोड म्हणजे मधेच ओळ विसरणं. हात चालू राहायचे, गाणं थांबायचं, आणि ती शेजारी बसलेल्या सुमनला विचारायची, "फुडं काय गं?" सुमन तिची एकुलती एक लेक, माझ्या तिसरीच्या वर्गातली. पोरगी ठसक्यात ओळ सांगायची, वर "आये, कितींदा सांगू?" असं दटावायची. पाढे विचारले की हीच पोरगी आढ्याकडे बघत बसायची, हे मी मामीला कधी सांगितलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला पुण्याहून रेडिओची माणसं डोंगरातली गाणी टेप करायला आली. त्यांच्या साहेबांना सुपाचा आवाज नको होता आणि मामीला सूप हवंच होतं. तासभर हुज्जत चालली, शेवटी साहेबांनी हात टेकले. गाणं निम्म्यावर अडलं, मामीने विचारलं, सुमनने सांगितलं, आणि तेही टेपमध्ये गेलं. महिन्याभराने ते रेडिओवर लागलं तेव्हा अख्खी वाडी माझ्या खोलीत जमली होती. सुमनचा आवाज आला तसे सगळे खदखदून हसले आणि ती मामीच्या पदरात तोंड खुपसून बसली.

पुढच्या वर्षी भात कापणीला यायच्या आत सुमन काविळीने गेली. मंचरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून निघाले, पण एसटीची वाट बघण्यातच अर्धा दिवस गेला. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

मामी चारचौघांत रडणाऱ्यातली नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी शाळेच्या दारात यायची आणि विचारायची, "गुरुजी, ती टेप परत कवा लावत्यात?" मी पुण्याला पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. "असूंद्या," ती म्हणायची. "सरकारी कपाट हाय. आमच्या घरावानी गळत नसंल." मग उलट मलाच धीर देऊन निघून जायची.

बदली होऊन मी नारायणगावला आलो. बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं, की रेडिओने जुन्या टेपा इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्यात. सायबर कॅफेत जाऊन यादी पाहिली, तर तळेघरचं गाणं, मामीच्या नावासकट! मी इतका हुरळलो की स्वतः आधी ऐकून बघायचंही सुचलं नाही. लगेच निरोप धाडला. मामी थोडी चालत, थोडी जीपने, ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

कानाला हेडफोन लावल्यावर तिने डोळे मिटून घेतले. गाणं संपल्यावर तिने डोळे उघडले. मग म्हणाली, "सुमी कुठाय?"

मी हेडफोन घेतला. मामीचा आवाज लख्ख येत होता, सूपसुद्धा ऐकू येत होतं. गाणं मात्र कुठेच अडत नव्हतं. शेजारच्या बूथवरून पुण्याला फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. कौतुकाने म्हणाला, "मधलं बोलणं, चुका, सगळं काढून टाकलंय सर. कुठे जोडलंय ते कळणारही नाही." मूळ टेपेला बुरशी लागली होती, ती फेकून दिली होती.

मामीला सगळं सांगितलं. वर मी वेड्यासारखं विचारलं, "परत लावू का?"

"नगं गुरुजी," ती म्हणाली. "ह्यात मला समदंच येतंय."

तिला जीपमध्ये बसवून मी बराच वेळ स्टँडवर उभा राहिलो. आपली लेक पुण्यात एका कपाटात सुखरूप आहे, एवढ्यावर मामीने इतकी वर्षं काढली होती. मुद्दाम बोलावून घेऊन मी तिच्याकडून तेवढंही काढून घेतलं.