आवाजाच्या बटणावरचा माझा हात

त्याला आमच्या ग्रुपमध्ये मीच आणलं, हे आठवलं की अजून पोटात दुखतं. आम्ही तिघं होतो. मी गाणारा, एक कीबोर्डवाला आणि एक ढोलकीवाला. दिवसा आपापल्या नोकऱ्या, सुट्टीला हळदी, बारशी, साखरपुडे, जयंतीचे कार्यक्रम. दोन मोठे स्पीकर टेंपोत घालून कर्जतपासून खालापूरपर्यंत फिरायचो. तीन-तीन तास एकट्याने गाऊन माझा घसा बसायला लागला, तेव्हा दुसरा गाणारा शोधायची वेळ आली. खालापूरला स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक जण बरा गातो असं कळलं. जाऊन ऐकलं. आवाज बारीक, वरच्या सुराला थोडा कापरा. मनात म्हटलं, हा चालेल. माझ्यापुढे हा काही दिसायचा नाही.

माझा आवाज मोठा. भिसेगावात आमच्या गल्लीत जयंतीला मी माईकशिवाय गायलो तरी रस्त्यापलीकडे ऐकू जायचं, आणि त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे. मिक्सर कायम माझ्या डाव्या हाताशी. गाता गाता आवाजाचं बटण वर सरकवलं, की आजूबाजूच्या घरांचे पत्रे थरथरायचे. लोकांची बडबड बंद झाली म्हणजे कार्यक्रम चढला, असं माझं साधं गणित.

त्याला एक खोड होती. आम्ही वायरी जोडायला लागलो की हा गायब. जेवणाच्या मंडपात कांदा कापणाऱ्या बायकांपाशी उभा राहील, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्यापाशी जाऊन बसेल, तान्हं मूल कुठल्या खोलीत झोपलंय ते बघून येईल. मग येऊन माझ्या कानाशी म्हणायचा, "दादा, पयली दोन गाणी हळू घेऊ या. मागच्या घरात आजारी माणूस हाय." मला वाटायचं, हा गायला आलाय की शिरगणतीला?

शेलूला एका नव्या सोसायटीत पूजा होती. पार्किंगच्या छतावरच्या मोकळ्या जागेत स्टेज. मी नेहमीच्या धडाक्यात सुरुवात केली, आणि एकेक खिडकी बंद होत गेली. वर पाहिलं तर चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पडदासुद्धा ओढून घेतला. मी बटण आणखी वर नेलं. त्याने मधेच माईक घेतला, कीबोर्डवाल्याला पट्टी उतरवायला सांगितली, बटण अर्ध्यावर आणलं आणि जुनी हिंदी गाणी बोलल्यासारखी म्हणायला लागला. तिसऱ्या गाण्याला खिडक्या उघडल्या. पाचव्याला माणसं मुलांना घेऊन खाली उतरली, कोणी घरातल्या खुर्च्याही आणल्या. त्याने मला हात करून बोलावलं, "दादा, आता तुमी घ्या, आता चालंल." माझ्याच कार्यक्रमात मला परवानगी! अंगाचा तिळपापड झाला.

शहरी लोकांचं सोडा, म्हटलं. खरी माणसं डोंगराकडच्या गावात. तिथे आवाज लागतो. पुढच्या महिन्यात तशा एका गावात हळद होती. नाचायला पोरं तयार, मी बटण चढवायला तयार. तेवढ्यात हा म्हणाला, "थांबा. आज्या बसल्यात." नवरदेवाच्या पाटामागे चार म्हाताऱ्या बसल्या होत्या. लग्नाचे धवले गाणाऱ्या. त्यांचं गाणं झाल्याशिवाय स्पीकर लावायचा नाही, अशी त्या गावची रीत. ती मला माहीत नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती. त्यांचे सूर कुठल्या कुठे जात होते, पण मंडपात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. त्यांचं झाल्यावर आम्ही सुरू केलं, आणि पोरं अशी नाचली की धूळ बसायला तयार नव्हती. त्या दिवशी मानाचा नारळ आधी त्याच्या हातात गेला.

मग फोन यायला लागले. फोन माझ्या नंबरवर, विचारणा त्याची. "ते बारीक आवाजाचे गायक येणार ना?" मी "हो" म्हणायचो आणि फोन ठेवून बायकोशी भांडायचो. ती म्हणायची, "अवो, त्या माणसानं तुमचं काय वाईट केलंय?" काही केलं नव्हतं. तीच तर अडचण होती. त्याने एकदा तरी भाव खाल्ला असता, तर मला खार खायला कारण मिळालं असतं.

अशात माझ्या लेकीचं लग्न ठरलं. मी मनाशी पक्कं केलं की तिच्या हळदीला मीच गाणार, आणि असा गाणार की सगळ्या भिसेगावाला कळलं पाहिजे, गायक कोण आहे. साखरपुड्यालाच मी तशा गाण्याची झलक दिली. गाणं रंगात असताना लेक नव्या साडीत स्टेजवर आली, माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली. स्पीकर दणाणत होते, तो स्टेजच्या कडेला उभा होता. मी मान डोलावली, अंगठा दाखवला आणि बटण आणखी वर सरकवलं. ती हसली. फोटोवाल्याने नेमका तो क्षण टिपला. तो फोटो मी मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला. लेकीला आपल्या बापाचं गाणं किती आवडतं, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून.

हळदीच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "आज मिक्सरला हात लावायचा नाय. बापाच्या जागी बसा." मी म्हटलं, मग गाणार कोण? ती म्हणाली, "लेकीनं सांगितलंय त्यांना." त्यांना म्हणजे त्याला. माझी लेक, माझी गल्ली, माझे स्पीकर, आणि माईक त्याच्या हातात. बायकांनी माझ्या दोन्ही हातांना आणि गालांना हळद फासली आणि मला लेकीच्या पाटाशेजारी बसवलं. रागाने माझी नजर मिक्सरवरून हलेना.

त्याने आधी बटण पार खाली आणलं. ढोलकीवाला हात बांधून बसला. कीबोर्डवर नुसता एक सूर धरला. आणि हा गायला लागला,

नीज गं चिमणे, लाईट येईल,
पंखा फिरेल, वारा देईल.

हे गाणं कुठल्या पुस्तकात नाही. ते माझं आहे. लेक लहान असताना संध्याकाळी लाईट जायची, ती घाबरून रडायची, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन मी हे म्हणायचो. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच, म्हणून अगदी हळू. मी त्याला गाणं समजतही नव्हतो. आणि हा माणूस ते तसंच म्हणत होता. खांदा बदलताना मी जिथे थांबायचो, तिथे थांबत होता.

गल्लीतल्या बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. माझी बायको रडत होती. लेक डोळे मिटून बसली होती, ती तेव्हा माझ्या खांद्यावर मिटायची तसेच. आणि मी? मी जळत होतो. आजवर त्याच्या खिडक्यांचा हेवा केला, नारळाचा केला, पण हा सगळ्यात वाईट. माझाच आवाज दुसऱ्याच्या तोंडी ऐकत होतो, आणि तो मला माझ्या रोजच्या आवाजापेक्षा चांगला वाटत होता. वाटलं, उठावं आणि बटण वर सरकवावं, म्हणजे त्याचा बारीक आवाज फाटेल तरी. हळदीचे हात घेऊन मी अर्धा उठलोही. बायकोने सदऱ्याला धरून खाली बसवलं.

लग्नानंतर लेक पहिल्यांदा घरी आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत चहा घेत होतो. मी तिला सरळच विचारलं, "ते गाणं म्हणायला मलाच का नाय सांगितलंस गं?"

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"सांगितलं होतं की, पप्पा. हे बघा, सांगतेच हाय. हळदीला तुमी लाईट गेल्यावरचं गाणं म्हणा, घरात म्हणायचात तसं हळू, असं म्हणत होते. तुमी अंगठा दाखवलात नि आवाज वाढवलात. मला वाटलं, तुमाला नाय म्हणायचं." तिने कप खाली ठेवला. "मी खाली उतरले तर तुमचे ते गाणारे काका मागून आले. म्हणाले, पप्पांना काय सांगत होतीस गं?"

एवढं विचारायला काही गळा लागत नाही.