वाटणीचा शिरोलंब

मला भूमिती कुणी शिकवली नाही हो. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचं सगळं थोरल्या भावाच्या जुन्या पुस्तकातून, भात शिजेपर्यंत चुलीपुढं बसून. त्यातले त्रिकोण मला आवडायचे. वरच्या टोकातून खाली काटकोनात सरळ रेघ टाकली की तिला शिरोलंब म्हणायचं, आणि त्रिकोणाचे दोन सारखे भाग व्हायचे. मी चित्रं बघूनच तसं ठरवून टाकलं.

म्हसळ्याच्या अलीकडे आमचं एक तीन कोपऱ्यांचं भाताचं खाचर होतं. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी बाबांनी आणि धाकट्या काकांनी ते वाटून घ्यायचं ठरवलं. पाणी एकाच कोपऱ्यातून यायचं, म्हणजे नवा बांध तिथूनच निघायला हवा, नाहीतर एकाचं भात सुकणार. बाबांनी मला विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "शिरोलंब टाका."

काकांनाही पटलं. "सरळ रेघ, सरळ वेव्हार. आमची पोर वकील व्हणार!"

त्यांनी कोपऱ्यातून दोरी ताणून समोरच्या बांधावर फिरवली आणि जिथं ती सगळ्यात आखूड पडली तिथं खुंटी ठोकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं नारळ फुटणार, मग माती पडणार. आमच्याकडे नारळ फुटला की तो बांध कुणी हलवत नाही. भाऊ भांडोत, मरोत, बांध तिथंच.

त्या सकाळी सगळे खाचरावर गेले, आई पाण्याला गेली आणि मी एकटी घरी भाकऱ्या थापत होते. हात पिठात, डोकं पुस्तकात. सहज रद्दीचा कागद घेतला आणि आपल्या खाचरासारखा लंगडा त्रिकोण फाडला, एक बाजू लांब, एक आखूड. शिरोलंबावर दुमडला. आखूड बाजूचा तुकडा लांब बाजूच्या तुकड्याला पुरेना! पुन्हा दुमडला. छे! पुस्तक काढलं, तर मी ज्यावर भरवसा टाकला होता त्या सगळ्या चित्रांत दोन बाजू सारख्या. पुढच्या पानावर मध्यगा होती. टोकातून समोरच्या बाजूच्या मध्यावर रेघ. कुठलाही त्रिकोण असो, दोन वाटे सारखे.

काकांचा वाटा आखूड बाजूचा. लोक म्हणणार, थोरल्याच्या पोरीनं पुस्तक दाखवून चुलत्याला बुडवलं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी धावत सुटले.

बाबांनी नारळ उचललाच होता.

"थांबा! चुकलं माझं! काकांकडं कमी जातंय!"

"किती?" बाबांनी विचारलं.

"समोरचा बांध मोजा, दोरी दुमडा, मध्यावर खुंटी मारा. मग कळंल."

बाबांनी नारळ खाली ठेवला, दोरी घेतली, मोजली, दुमडली. मध्य जुन्या खुंटीपासून सात पावलं आमच्याच बाजूला निघाला. एवढ्यात न्याहारी घेऊन मागून आई आली आणि सगळं ऐकून कपाळाला हात लावून म्हणाली, "भाकरी जाळलीस ती जाळलीस, वर आपल्याच ताटातलं काढून दिलंस व्हय गं?"

बाबांनी जुनी खुंटी उपटून मध्यावर मारली.

आता काका खूश व्हावेत की नाही? ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. "काल म्हनलीस हितं, आज म्हनतेस तितं. कुनी आपली जमीन अशी सोडतं का? डाव काय हाय तुमचा?"

"डाव न्हाय, मध्यगा हाय," मी म्हटलं.

"तुजी मध्यगा ऱ्हाऊं दे."

त्यांनी दोरी स्वतः घेतली. एकदा मोजलं, पुन्हा उलट्या बाजूनं मोजलं, मग पावलं टाकली. ऊन चढत होतं, बाबा पुन्हा नारळ हातात धरून उभे. मी या पायावरून त्या पायावर. मनात एकच, उशीर झाला म्हणून बाबांचं मन तर नाही ना फिरणार?

तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर काका खुंटीपाशी उकिडवे बसले, दोन्ही हातांनी ती हलवून बघितली, आणि वर न बघताच म्हणाले, "फोड दादा."