वर्णनात माणूस नको

आम्ही काही हौशी मंडळी इंटरनेटवर एक खेळ चालवतो. त्यात चित्रं नाहीत. खेळणारा एखाद्या जागी पोचला की त्या जागेचं वर्णन वाचतो, आणि ती वर्णनं मी लिहितो. जादूगाराच्या गावातलं एक घर लिहिताना मी अकोल्याचा आमचा ओटाच उतरवला: फुटकी पायरी, संत्र्याची रिकामी पेटी, वेताच्या खुर्चीत बसलेला म्हातारा.

"काय लिहून राहिला?" खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"तुमालेच."

संपादकानं म्हातारा खोडला. माणूस उठून जातो, म्हणून वर्णनात फक्त जागच्या वस्तू ठेवायच्या, हा आमचा नियम.

"माझा म्हातारा कुठी जात नाही," मी तणतणलो.

आता ओट्यावर पायरी आहे, पेटी आहे, खुर्ची आहे. संपादकाचं वर्णन तंतोतंत जुळतं.