मिशीवाली जलपरी आणि केशोरीची मंडई

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्या माझ्या बहिणींनो आणि भावांनो, आपलं दुखणं एकच आहे, ते आधी मोकळं करू. आपण जीव ओतून लिहितो आणि वाचणारा चार ओळींत उठून जातो. पानाच्या कोपऱ्यातला आकडा हलत नाही. मग कुणी सल्लागार भेटतो आणि सांगतो, मथळा भडक करा, आत काय आहे ते नंतर बघू. मला या सल्ल्याचा संताप येतो. गर्दी जमवण्याची विद्या संगणकाबरोबर जन्माला आली असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात जावं. मी जाऊन आलो.

निमित्त झालं दिलीप कटरेच्या फोनचं. दिलीप माझा कॉलेजातला मित्र, सौंदडला धानाची शेती करतो. माझ्या व्याख्यानांची तो कायम टर उडवतो. म्हणाला, "तू सभा गाजवतं म्हनते लोकं. एकडाव आमच्या मंडईतल्या भोंग्यासमोर उभा राहून दाखव." दुसऱ्याच दिवशी मी नागपूरहून साकोलीची एसटी पकडली.

मंडई म्हणजे भाऊबीजेनंतर गावोगाव भरणारी एका दिवसाची जत्रा. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरतं, म्हणजे आज इथले पाहुणे उद्या पुढच्या गावी जाऊ शकतात. लेकी, जावई, मेहुणे, सगळे सोयरे त्या दिवसांत फिरतीवर असतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

रस्ता रायपूरकडे जाणारा हमरस्ता, त्यामुळे साकोलीपर्यंत त्रास नाही. तिथून सौंदडला जायला जीप मिळतात. दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं, हवेत ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, वास. दिलीपच्या घरी जेवून आम्ही दुपारीच मंडईत शिरलो. उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या बायांची रांग, गुळाची जिलेबी, तेलात फुगणारे आलुबोंडे. शिंगाडे नक्की घ्या, नखाने सोलत सोलत हिंडण्यात निम्मी मंडई कळते.

आकाशपाळण्याच्या शेजारी एक छोटा तंबू होता. हसऱ्या आरशांचा. आमगावकडचं एक जोडपं तो चालवतं, सुखराम आणि पारबताबाई. आत वाकडेतिकडे आरसे, बाकी काहीही नाही. पैसे देऊन माणसाने आत जायचं आणि स्वतःलाच लांब, बुटकं, ढेरपोटं बघून बाहेर यायचं. मी तिथेच थबकलो. याहून कठीण माल विकायला कुणी उभा राहिला असेल असं मला वाटत नाही.

पण त्या दिवशी आकाशपाळण्याच्या कर्ण्याने सुखरामचा आवाज गिळला होता. त्याचा तंबू रिकामा, शेजारी झुंबड. वैतागून त्याने माइक तोंडाशी धरला आणि हिंदीत सुरू झाला, "आइए, आइए, देखिए ज़िंदा जलपरी. आधी औरत, आधी मछली." बघता बघता पाळण्याची रांग मोडून लोक इकडे लोटले. मीसुद्धा गेलो. आत तेच आरसे.

लोक चिडून बाहेर पडत होते. पोवार समाजाची एक आजी पदर सावरत आली आणि सुखरामसमोर उभी राहिली.

"जलपरी कोठी हाय रे? मी तं माह्यंच तोंड पाहून आली."

सुखराम हसला आणि त्याने पुढच्याला आत सोडलं. पारबताबाई मात्र हसली नाही. गर्दी ओसरल्यावर ती नवऱ्याला जे बोलली, ते मी आजवर वाचलेल्या जाहिरातशास्त्राच्या सगळ्या पुस्तकांवर मात करणारं होतं.

"उद्या केशोरीले कोन येनार, सांगा बरं? हेच लोकं."

दिलीपने मला त्यातली भीती उलगडून सांगितली. दुसऱ्या दिवशीची मंडई केशोरीची, आणि तिथे या दोघांना चिंचेखालची जागा मिळते, दंडारीच्या मंचाला लागून. दंडार, म्हणजे इकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य, बघायला सगळं गाव तिथे जमतं. ती जागा कुणाला द्यायची ते मंडईची समिती ठरवते, आणि समिती बघते एकच गोष्ट, तंबूसमोर माणसं उभी राहतात की नाही. केशोरीची जागा गेली की पुढची गावंही तोच दाखला घेतात. या दोघांचं वर्ष त्या झाडाखाली ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौंदड स्टेशनवरून आम्ही पॅसेंजर धरली. तिकीट इतकं स्वस्त की चहा-पोह्यालाही जास्त पैसे जातात. अर्जुनी मोरगावला उतरून काळी-पिवळी जीप, मग जंगलाला खेटून जाणारा रस्ता. माझ्या शेजारी कोंबडा मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "मंडईत जाऊन राहिले ना? आरशेवाल्याकडे नोका जाऊ. काल सौंदडले फसवलन त्यानं." ते स्वतः सौंदडला गेलेच नव्हते. त्यांना जावयाने सांगितलं होतं. तंबूच्या आधी त्याची कीर्ती केशोरीला पोचत होती, आमच्याच जीपमधून.

आणि तसंच झालं. चिंचेखाली तंबू उभा, समोर शुकशुकाट. दंडारीचे ढोल वाजत होते, लोक तंबूकडे पाठ करून उभे होते. समितीचे अध्यक्ष धोतर सावरत आले आणि स्पष्टच म्हणाले की संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर पुढच्या साली इथे भेळवाला बसेल. सुखरामने माइक तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. सभेत हा क्षण मी अनुभवला आहे. त्या क्षणी माइकचं वजन कळतं.

पारबताबाईने आतला एक आरसा ओढून दारात आणला. हा आरसा कमरेखालचं अंग आवळतो आणि तळाशी पंख्यासारखं पसरवतो; असाच आणखी एक आत होता. मग तिने पेटीतून स्वतःचं हिरवं लुगडं काढून आणलं, नवऱ्याच्या पायांभोवती घट्ट गुंडाळलं आणि त्याला आरशासमोर उभं केलं.

"मले कायले उभं करतं वो?" सुखराम पुटपुटला.

"काल तोंड चालवलं ना? आज शेपटी चालवा."

तिने माइक घेतला. हिंदी नाही, घरात बोलतात ती बोली. "ऐका जी केशोरीवाले, अन् सौंदडवरून आलेले पाव्हने. काल आमच्या मालकानं जलपरी सांगतली. आज आनली. मिशी हाय तिले, बाकी सब बरोबर हाय. काल ज्याईनं पैसे देले त्याईनं पयले फुकट यावं, अन् आपलीबी शेपटी पाहून जावं."

दंडारीचा ढोलवालाच आधी वळून हसला. पण आत पाऊल कुणी टाकेना. तेवढ्यात गर्दीतून कालची ती आजी पुढे आली. केशोरी तिचं माहेर, भावाकडे आली होती. सुखरामच्या मिशीकडे रोखून बघत ती आत गेली. मग आतून असं खळखळून हसू फुटलं की मंचावरचा नाच्या थांबला. आजी बाहेर आली ती थेट भावजयीचा हात धरून ओढायला.

"चाल वो वयनी, तुलेबी शेपटी येते."

यानंतर पारबताबाईला माइकची गरज उरली नाही. तिने फक्त तंबूची कनात वर बांधून ठेवली, आतलं हसू बाहेर ऐकू यावं म्हणून. रांग दंडारीच्या मंचाला वळसा घालून गेली. काळी-पिवळीतले गृहस्थ कोंबड्यासकट रांगेत होते. शेवटी अध्यक्षही आत गेले आणि बाहेर येऊन धोतराचा सोगा नीट करत बोलले, "पुढच्या साली याच झाडाखाली." हसू दाबताना त्यांचा आवाज कापत होता.

मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने, भर मंडईत. मला लाज वाटली नाही.

आता नागपुरात टेबलाशी बसून मागे बघतो, तेव्हा शिंगाड्याची चव आहे, जीपची धूळ आहे, आणि सगळ्यात वर ती बाई आहे. तिने खोटी हाक नुसती मागे घेतली नाही. तिने ती खरी करून दाखवली, आणि ज्यांना फसवलं होतं त्यांना पहिला मान दिला. आपले वाचकही मंडईचेच पाहुणे आहेत. आज इथे, उद्या पुढच्या गावी, आणि आपल्याबद्दल काय सांगायचं ते त्यांच्या तोंडी आपल्याआधी पोचलेलं असतं. भडक मथळ्याचे सल्लागार आपल्याला एका दिवसाची गर्दी देतात आणि पुढची सगळी गावं गमवायला लावतात. आणि लोक आत येतात ते आपल्याला बघायला नाही, स्वतःला बघायला. वाकडं दिसलं तरी चालतं, पण दिसलं पाहिजे ते स्वतःच.

म्हणून एकच काम करा, आणि आज करा. तुमच्या ब्लॉगवरची सर्वांत जास्त वाचली गेलेली नोंद उघडा. तिच्या मथळ्यात जे कबूल केलंय आणि आत कुठेच नाही, ते आज लिहून त्या नोंदीत घाला. हाक दिलेली जलपरी दारात आणून उभी करा. मिशी असली तरी चालेल.