समुद्रावरून दिसणारं धुराडं

रिफायनरीत चिरीनोला सगळे ‘थांबा’ म्हणायचे. आमच्या सिसिलीच्या किनाऱ्यावर असं एखादं नाव माणसाला चिकटलं की मेल्यावरही सुटत नाही. बंद पडलेल्या टाक्या, नळ आणि मनोरे पाडणाऱ्या टोळीचा तो मुकादम होता. शेजारी भट्ट्या धगधगताहेत, नळांतून गरम तेल वाहतंय, आणि त्यांच्या मधलं निकामी झालेलं तेवढं अलगद काढून घ्यायचं. तिथं सुरुंग चालत नाही, गॅसची ज्योत चालत नाही. जुन्या नळांच्या आत बसलेली काळी खपली वाळली की नुसत्या हवेनं पेटते, म्हणून ती पाण्यानं भिजवत ठेवायची आणि नळ करवतीनं कापायचा. चिरीनो रोज सकाळी हवेत गॅस आहे का ते स्वतः तपासायचा. जराशी शंका आली की हात वर करून म्हणायचा, थांबा. पोरं वैतागायची. पण त्याच्या हाताखाली कधी कुणाचं बोटही चेचलं नव्हतं. निवृत्तीआधीचं शेवटचं काम म्हणून जुनं धुराडं त्याच्याकडं आलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं ते धुराडं उभं राहिलं तेव्हा चिरीनो शाळेत होता. त्याचा बाप कोळी. त्यानं त्या दिवशी रिफायनरीवाल्यांच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार केला, आणि वर्षभरात त्याच धुराड्याची खूण धरून मासे मारू लागला. भूशिरापलीकडं खोल पाण्यात एक खडक होता आणि त्याच्या कपारीत मोठाले हेकरू मासे राहायचे. भूशिरावरच्या पडक्या बुरुजाच्या बरोबर मागं धुराड्याचं टोक आलं, की ती रेषा धरून होडी न्यायची आणि दोरीला बांधलेलं शिसं सोडत जायचं. शिसं टणक लागलं की खडक आला. आमच्याकडं अशा जागा जमिनीसारख्या वारशानं जातात, फक्त त्या कागदावर नसतात. बापानं ती जागा थोरल्या मुलाला, नोफ्रिओला दिली आणि घराबाहेर कुणाला सांगायची नाही अशी शपथ घातली.

नोफ्रिओ आता सत्तरीचा. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं डोंगराच्या खाचा, झाडं, घरं या बारीक खुणा त्याला धूसर दिसायच्या. तो बुरूज आणि ते धुराडं तेवढं दिसायचं. ते पाडणार असं कळलं त्या संध्याकाळी तो चिरीनोच्या घरी आला. तुझ्या फोनमध्ये म्हणे जागा धरून ठेवता येते, तर एक रविवार माझ्याबरोबर ये, खडकावर उभा राहा आणि धरून ठेव, एवढंच त्याचं मागणं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती, शपथ होती. चिरीनो म्हणाला, येतो की, इतकं उंच धुराडं, त्याला महिने लागतील.

आणि खरंच महिने लागत होते. धुराड्याच्या माथ्याभोवती फळ्यांचा माळा टांगला होता. त्यावर उभं राहून वरची वीट फोडायची, ती आतल्या पोकळीत टाकायची आणि खालच्या दारातून उपसायची. धक्का जास्त बसला तर शेजारची भट्टी बंद पडेल, म्हणून तळाशी रेतीची गादी घातलेली. पहिल्या रविवारी दक्षिणेचं वारं उठलं आणि माळा नीट बांधला आहे ना ते बघायला चिरीनो गेला. दुसऱ्या रविवारी शेजारच्या भट्टीची दुरुस्ती निघाली. मग एकदा पंप बिघडला. दर वेळी तो भावाला फोन करून सांगायचा, दादा, पुढच्या रविवारी नक्की. नोफ्रिओ म्हणायचा, बरं.

असाच एक रविवार. चिरीनोची बायको तानिना सारडिन मासळी घातलेल्या शेवया वाढत होती आणि नोफ्रिओ दारात येऊन उभा राहिला. टोपी काढली नाही.

“धुराडं गेलं,” तो म्हणाला.

चिरीनोला हसू आलं. “कुठं गेलं? अर्ध्याच्या वर उभं आहे अजून. काल मीच त्याच्या डोक्यावर होतो.”

“तू तळापासून मोजतोस, चिरी. मला भूशिराच्या वर निघतं तेवढंच दिसतं.”

तानिनाच्या हातातला डाव तसाच राहिला. चिरीनोनं घास खाली ठेवला. इतके आठवडे त्यानं वारा मोजला, गॅस मोजला, एकेका विटेचा धक्का मोजला. भूशिराच्या पलीकडून हे कसं दिसत असेल, हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

“सगळ्या जगाला थांबा म्हणतोस,” नोफ्रिओ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “एक दिवस माझ्यासाठी म्हणाला असतास.”

ताट तसंच टाकून दोघं होडी घेऊन गेले. बुरूज होता, त्याच्या मागं मोकळं आकाश होतं. चिरीनो फोन हातात घेऊन बसून राहिला. लहानपणी दोनदा तो तिथं आला होता आणि दोन्ही वेळा उलट्या करण्यात त्याचा वेळ गेला होता. नोफ्रिओ अंदाजानं होडी हाकत राहिला, शिसं सोडत राहिला. खाली मऊ लागत होतं.

धुराडं पुरतं उतरलं. एक ठिणगी उडाली नाही, कुणाला खरचटलं नाही. साहेबांनी चिरीनोची पाठ थोपटली आणि तो निवृत्त झाला. त्यानंतर दर रविवारी, कुणी न बोलावता, तो भावाच्या होडीत जाऊन बसायचा. शिशाच्या बुडाला चरबी लावून ते सोडायचं काम त्यानं आपल्याकडं घेतलं. खाली वाळू असली तर चरबीला चिकटून येते, खडक असला तर चरबी चेपून येते. महिन्यांमागून महिने वाळूच येत होती. नोफ्रिओ आता लवकर दमायचा. उन्हात त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, तरी तो परत फिरू या म्हणायचा नाही.

पुढच्या वसंतातली गोष्ट. नोफ्रिओनं वल्हं आडवं टाकून डोळे मिटले होते. चिरीनोनं शिसं वर ओढलं, त्याच्या बुडाकडं पाहिलं आणि म्हणाला, “दादा, टणक लागलं बघ.”

नोफ्रिओनं हात पुढं केला. शिसं मांडीवर घेऊन त्यानं चरबीवरून अंगठा फिरवला. मग अंगठ्याला लागलेली वाळू सावकाश विजारीला पुसली.

“लागलं का,” तो म्हणाला. “मग टाक नांगर.”

त्यानं गळाला आमिष लावलं, दोरी सोडली आणि चिरीनोला आपल्या शेजारी सरकून जागा करून दिली. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथं बसले होते. दोरीला काही ओढ लागली नाही.