नुकसान : निरंक

ती घटना आठवली की आजही आधी माझी मलाच लाज वाटते, आणि मग दोन बायांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात. एक माझी हवालदार, दुसरी माझी संशयित.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून सुट्टीच्या दिवशी तांब्याच्या तारेची बंडलं गेली. मॅनेजर पोलीस ठाण्यात आला तो चोराचं नाव घेऊनच. त्यांच्या कॅमेऱ्याला एआयची जोड होती. फुटेजमधल्या बाईचा चेहरा यंत्राने ओळखला होता: तिथलीच कामगार, कळव्याच्या चाळीत राहणारी. मी खूश. आयतंच घावलं होतं. महिला हवालदारांना बरोबर घेतलं, भर सकाळी जीप चाळीच्या तोंडाशी लावली आणि बाईंना चौकशीला आणलं.

त्या एकच सांगत राहिल्या, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, मी विहारात खीर वाढत होते. तीनदा तेच ऐकलं की आम्हा पोलिसांना ते पाठ केलेलं वाटतं. खरं बोलणाराही तेच ते सांगतो, एवढं मला तीस वर्षांत कळायला हवं होतं.

हवालदार बाई मात्र फुटेज पुन्हा पुन्हा बघत होत्या. म्हणाल्या, "साहेब, यंत्राने तोंड बघितलं, पदर कुठे बघितला? ही फुटेजमधली उजव्या खांद्यावर घेते. आपल्या बाई डाव्या."

नुसत्या पदरावर कोणी सुटत नाही, पण मला जाग आली. विहारात माणूस पाठवला. खीर खाल्लेले वीसेक साक्षीदार आणि वेळेसकट फोटो मिळाले. बाईंना घरी जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी खरी चोर भंगारवाल्याच्या दुकानात सापडली.

कारखान्याने यंत्राच्या चुकीचा अहवाल पाठवला. 'चुकीची ओळख. प्रकार : किरकोळ. नुकसान : निरंक.' मीही तेच डायरीत उतरवून मोकळा झालो.

महिन्याभराने, जूनमध्ये शाळा उघडल्यावर, बाई ठाण्यात आल्या. मॅनेजर कामावर घेत नव्हता, शेजारणी नळावर बोलत नव्हत्या, मुलगी शाळेत जायला तयार नव्हती. मी अहवाल दाखवला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"तार गेली तर पंचनामा केलात साहेब. माझं काय काय गेलं, त्याचा पंचनामा कोण करणार?"

मी त्यांना बसवलं आणि त्या सांगतील तसं लिहिलं. काम, अब्रू, मुलीची शाळा. कारणाच्या जागी यंत्राची चूक लिहिली, आणि खाली 'पडताळणी न करता विश्वास ठेवला' म्हणून माझं नाव. तो पंचनामा कारखान्यात मी स्वतः नेऊन दिला. काम परत मिळालं. चूक लहान की मोठी, हे चुकणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याला लागलं त्याला विचारायचं, हे मी त्या बाईंकडून शिकलो.

त्यांनी आणखी एकच मागितलं. "ज्या जीपने नेलंत, त्याच जीपने सोडा. सगळ्यांदेखत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी यायच्या वेळी, मी वर्दीत त्यांना चाळीत सोडलं. चूक आमची होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. त्या म्हणाल्या, चहा घेऊन जा.

चहा मुलीने आणून दिला. तिच्या अंगात शाळेचा गणवेश होता.