बोटाच्या मापाचा ठोकळा

“मला न विचारता?”

“फॉर्ममध्ये धाकट्या भावाच्या परवानगीचा रकाना नव्हता.”

“ताई, थट्टा नको. रविवारी माझी या वर्षातली सगळ्यांत मोठी स्पर्धा आहे. पहिल्या तिघांत यायची संधी आहे. आणि तू नेमकं त्याच स्पर्धेत, नवशिक्यांच्या गटात नाव देतेस?”

“मग कुठल्या गटात देऊ? तुझ्या दिलं असतं, पण तुझीच पंचाईत झाली असती.”

“माझ्याबरोबर कोण उभं राहणार?”

“गाडीला दोन चाकं, तुला दोन पाय. झाले की चार. अजून किती आधार हवेत?”

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बुधवारी संध्याकाळी हे चाललं होतं. बोलताना ताईचे हात थांबले नव्हते. भावाच्याच गाडीचा एअर फिल्टर ती रॉकेलच्या टबात धूत होती. तळव्यात धरून नुसता दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. पिळायचा नाही, पिळला की फाटतो. “भावाला पिळता येतं, फिल्टरला नाही,” असं ती नेहमी म्हणायची. आज म्हणाली नाही, कारण आज ते खरं होत होतं.

ताई एकोणपन्नास वर्षांची. दिवसा ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात चाळीस मशीन सांभाळते. सुई आणि बॉबिन यांच्यातली केसाएवढी फट राखण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. शिवणाऱ्या बायका म्हणतात, ताई नुसती शेजारून गेली तरी मशीन गुमान चालायला लागतं. आणि कारखाना सुटला की ही शेड. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती खडूने काढलेली. पाना जागेवर नसला की भिंतच चुगली करते.

शेड सुरू झाली ती भावामुळे. तो तिच्याहून बारा वर्षांनी लहान. सतरा वर्षांचा असताना त्याने कुठूनशी एक अर्धमेली मोटरसायकल ढकलत आणली. तिला सीटच नव्हती.

“अरे, बसायचं कुठे?” आईने विचारलं होतं.

“बसायचं नसतं, आई. ही ट्रायल्सची गाडी. उभं राहूनच चालवायची.”

“मग गाडी कशाला आणलीस? उभं तर फुकटातही राहता येतं!”

ट्रायल्स हा शर्यतीचा खेळ नव्हे, तोलाचा आहे. खडक, ओढा, झाडांची मुळं यांतून दोऱ्या बांधून एक अवघड वाट आखतात. तिला सेक्शन म्हणतात. त्या वाटेने पाय न टेकता पार व्हायचं. पाय एकदा टेकला की एक गुण दंड, दोनदा टेकला की दोन, त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली किंवा बंद पडली की थेट पाच. म्हणजे शून्य मिळवणारा सगळ्यांत मोठा. भावाने पहिल्याच वर्षी एका सेक्शनमध्ये शून्य आणलं, आणि तेव्हापासून घरीदारी तो ‘शून्या’. आई अजून सांगते, “शाळेत हेच आणायचा तेव्हा मार खायचा. आता लोक टाळ्या वाजवतात. दिवस बदलतात हो.”

वीस वर्षं शून्या गाडीवर आणि ताई गाडीच्या पुढे. स्पर्धेत ती सेक्शनमध्ये खडकावर उभी राहते, एप्रनच्या खिशात जादा लिव्हर आणि पाने घेऊन. वर चढायचा नेमका क्षण आला की “आत्ता!” म्हणून ओरडते, आणि गाडी उलटायला लागली तर मागचं मडगार्ड पकडते. तिच्या डाव्या कोपरावरचा व्रण त्या मडगार्डचा आहे.

“आणि चालवणार कशावर?” शून्याने आता विचारलं. “माझ्या जुन्या गाडीवर?”

ताईने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. “हिच्यावर.”

“ही कोणाची?”

“तुझीच. तू टाकलेल्या सुट्या भागांतून जोडलेली. ही टाकीची चेपट ओढ्यातली. हे हँडल तू झाडाला भेटायला गेला होतास तेव्हाचं. सरळ करून घेतलं. हा सायलेन्सर–”

“बास.”

“अख्खा तूच आहेस ही. फक्त तक्रार करत नाही.”

आठ महिने ती रोज पहाटे मागच्या मोकळ्या जागेत दगडांवरून आणि लाकडी ओंडक्यांवरून ही गाडी चालवत होती. शून्याला पत्ता नव्हता, कारण शून्याची पहाट नऊला होते.

“दगडावर उभं राहून ओरडणं वेगळं, ताई, आणि गाडीवर उभं राहणं वेगळं.”

“तेच बघायचंय मला.” तिने फिल्टर टबातून काढला. “वीस वर्षं तुला सांगतेय, डावीकडून घे, आत्ता गॅस दे, आत्ता सोड. ते खरंच बरोबर होतं का, हे एकदा माझ्या पायांखाली बघायचंय. एकदाच.”

“आणि बरोबर नसलं तर?”

“तर तुझी माफी मागीन. वीस वर्षांची, एकरकमी.”

“रविवारी मी तुझ्याकडे फिरकणारसुद्धा नाही,” शून्या दार आपटून म्हणाला. पत्र्याचं दार ते. आपटलं की चांगली दहा सेकंदं आवाज करत राहतं. त्यामुळे ताईला उत्तर द्यायला दहा सेकंदं थांबावं लागलं.

“घोडामैदान जवळच आहे!”

शनिवारी तिने दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी स्टँडवर घेतल्या. प्रत्येक काम आधी शून्याच्या गाडीचं, लगेच स्वतःच्या गाडीचं. स्पोक एकेक वाजवून पाहिले. ढिला स्पोक बद्द वाजतो. मागच्या टायरमधली हवा इतकी कमी केली की अंगठ्याने रबर दबावं. दगडाला धरायचं तर टायर मऊ लागतो. मग लिव्हर, म्हणजे हँडलवरची बोटाने ओढायची दांडी. तिच्या गाडीच्या क्लचची जुनी लिव्हर मुळाशी चिरलेली दिसली. तिने नवी बसवली, आणि खिळ्यावरचा ठोकळा काढला.

हा ठोकळा म्हणजे बोटभर लाकडाचा तुकडा. हँडल आणि लिव्हर यांच्यात तो धरायचा आणि लिव्हरचा छोटा स्क्रू फिरवून अंतर जुळवायचं. शून्या सतरा वर्षांचा असताना तिने त्याची मूठ हँडलवर ठेवून तो कापला होता, कारण या खेळात क्लच एकाच बोटाने सांभाळायचा असतो आणि ते बोट नेमकं पोचलं पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती ठोकळा लावते आणि विचारते, “पोचतंय?” तो बोट टाकून म्हणतो, “पोचतंय.” या शनिवारी शून्या रुसून बाहेर गेला होता. तिने कोणालाच विचारलं नाही. दोन्ही गाड्यांना ठोकळा लावला, स्क्रू घट्ट केले, शेड बंद केली.

रविवारी नवशिक्यांची सुरुवात नऊला होती आणि शून्याच्या गटाची दहाला. मधला तास त्याने आपले सेक्शन पायी फिरून बघायचे, असा दरवर्षीचा रिवाज. कुठला दगड हलतो, कुठे शेवाळ आहे. दरवर्षी दोघं मिळून फिरायची.

पहिल्या सेक्शनमध्ये गुडघाभर उंचीची दगडी पायरी होती. ताई पायरीसमोर आली, मनातल्या मनात “आत्ता!” म्हणाली आणि बोट सोडलं. खरं तर बोट सुटलंच. क्लच एकदम लागला, गाडी उसळली, बंद पडली, आडवी झाली.

“पाच,” पंच म्हणाले. ते एरवी दातांचे डॉक्टर. घडीच्या खुर्चीवर बसून, दंड नोंदवायला तिच्या कार्डाला भोक पाडताना त्यांनी धंद्याच्या सवयीने विचारलं, “फार दुखलं नाही ना?”

दुसऱ्या सेक्शनमध्येही पाच. तिसऱ्याच्या तोंडाशी येईपर्यंत तिचा डावा हात कोपरापर्यंत पेटला होता. एवढी मोठी झाले, वीस वर्षं दुसऱ्याला सांगितलं, आणि मला माझं एक बोट ऐकत नाही! तिने हेल्मेट काढलं. गाडी घरी न्यायची, असं तिने जवळपास ठरवलंच होतं. तेवढ्यात दोरीपलीकडून आवाज आला.

“क्लचला काय झालंय?”

शून्या. पूर्ण पोशाखात, हातात हेल्मेट.

“तू फिरकणार नव्हतास.”

“रस्ता चुकलो. क्लचला काय झालंय?”

“तापलाय. पकडत नाही नीट. जुना माल शेवटी.”

“अगं, तू मला नेहमी काय म्हणतेस? मी जेव्हा-जेव्हा म्हणतो, गाडीत काहीतरी आहे?”

“नाचता येईना, अंगण वाकडं.” ती म्हणाली आणि तिने ओठ आवळले.

“हां. तर हात ठेव हँडलवर.”

“वेळ घालवू नकोस. तुझे सेक्शन बघायचेत तुला.”

“ताई, हात.”

तिने हात ठेवला. शून्याने वाकून पाहिलं. तिचं बोट लिव्हरवर नव्हतंच. नुसतं टोक कसंबसं टेकलं होतं, तेही मनगट पिरगाळून. त्याने तिथे आपलं बोट टाकून पाहिलं. मग म्हणाला, “ही लिव्हर माझ्या बोटाला लावलीयेस तू.”

ताईने खाली बघितलं. आठ महिने गाडीवर होती ती जुनी, झिजलेली लिव्हर हँडलच्या जवळ होती, म्हणून कधी जाणवलं नव्हतं. काल नवी बसवली आणि हातांनी आपोआप ठोकळा उचलला. चाळीस मशीनची फट नजरेने सांगणारी बाई स्वतःच्या बोटाचं माप घ्यायला विसरली होती.

“या वेळी अंगण खरंच वाकडं आहे,” शून्या म्हणाला. “पाना दे. कुठला लागतो? चारचा? पाचचा?”

“अडीचचा! वीस वर्षं झाली, शून्या!”

“वीस वर्षं तू मला हात लावू दिलास का?”

 तिने सवयीने आजही बांधलेल्या एप्रनच्या खिशातून त्याने पाना काढला आणि स्क्रू फिरवला. लिव्हर आणखी लांब गेली.

“उलटा!”

“बरं, बरं.” त्याने दुसऱ्या बाजूला फिरवला, जीभ दातांत धरून, जशी ती धरते. “सांग कुठे थांबू.”

“अजून. अजून अर्धा फेरा. हां.”

शून्याने मान वर केली. “पोचतंय?”

ताईने बोट टाकलं. पहिलं पेर पूर्ण आत गेलं. हा प्रश्न तिने आयुष्यात शेकडो वेळा विचारला होता. तिला कोणी विचारल्याचं आठवेना. तिने हेल्मेट घाईघाईने चढवलं, काच खाली ओढली आणि आतून म्हणाली, “पोचतंय.”

तिसऱ्या सेक्शनमध्ये तिने तीन घेतले. चौथ्यात दोन. सहावा सेक्शन ओढ्यातून चढून दोन खडकांमधून निघत होता. तिने डावीकडून घेतलं. पाण्यात गॅस धरला. खडकासमोर “आत्ता!” हे ती या वेळी मोठ्याने ओरडली, स्वतःलाच, आणि पुढचं चाक उचललं, मागचं चाक दगडाला चिकटून वर आलं, आणि वाट संपली. पाय जागेवरच होते. पंचांनी रिकाम्या मुठी वर केल्या. शून्य.

म्हणजे बरोबर होतं. वीस वर्षं तिने जे सांगितलं होतं, ते बरोबर होतं.

चौदा जणांत ती अकरावी आली. शून्या चौथा आला. तिसऱ्यात आणि त्याच्यात एका गुणाचा फरक होता. आपले सेक्शन न बघताच तो सुटला होता, आणि सातव्यात गाडी उलटली तेव्हा मडगार्ड पकडायला कोणी नव्हतं. फूटरेस्ट पार वाकला.

सोमवारी संध्याकाळी शेडमध्ये पुन्हा वाद.

“एका गुणाने गेलं, ताई. एका!”

“मी बोलावलं होतं का तुला माझ्या दोरीशी?”

“न बोलावता आलो म्हणून तर शून्य आणलंस!”

“आणलंस म्हणे. पाय माझे, शून्य माझं.”

“अरे, दोघंही शून्य, वाटून घ्या!” आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली. “आणि चहा गार होतोय!”

ताई कानशीने लाकडाचा एक नवा तुकडा घासत होती, जुन्या ठोकळ्याहून अर्ध्या पेराने लहान. तिने तो स्वतःच्या बोटाला लावून बघितला, आणखी थोडा घासला, भोक पाडलं आणि जुन्याच्या शेजारी दुसरा खिळा ठोकून टांगला. भिंतीवर खडूने त्याची आकृती काढली. मग वाकडा फूटरेस्ट शून्याच्या पुढ्यात सरकवला.

“हा मी काढू?” तो दचकला.

“तूच वाकवलास ना?”

तो खाली बसला. पाना दोनदा घसरला. स्प्रिंग एकदा उडून त्याच्या कपाळाला लागली. ताई बघत राहिली, हात मागे बांधून. ते बांधून ठेवणं हेच तिला सगळ्यांत जड जात होतं. अखेर फूटरेस्ट सुटला. शून्या तेलकट हात पँटला पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला,

“पुढची स्पर्धा तीन आठवड्यांनी आहे. तुझी सकाळची आधी, मग माझी, असं आयोजकांना विचारून बघता येईल. फक्त एक सांग. तुझ्यापुढे खडकावर मी उभा राहिलो, तर ‘आत्ता’ कधी ओरडायचं ते मला कळेल का?”

ताईने भिंतीवरून अडीचचा पाना काढला, त्याच्या शर्टाच्या खिशात टाकला, हेल्मेट काखेत मारलं आणि “चल, बघू,” म्हणत आपली गाडी ढकलत शेडच्या बाहेर, मागच्या दगडांकडे निघाली.